परवानावाली मावशी

निवडणूक जाहीर झाली की आमच्या ठाण्यातून परवानाधारकांना निरोप जात : आपापलं शस्त्र आणून जमा करा, निकालानंतर परत न्या. मी तेव्हा ठाण्याचा मोहरीर होतो. मोहरीर म्हणजे लिहिणारा शिपाई. पावत्या, नोंदवह्या, मालखान्याची किल्ली, सगळं त्याच्या गळ्यात. त्यामुळं बंदूक सोडताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी जवळून पाहिलंय. कुणाच्या घरी दोनदा शिपाई पाठवावा लागे. कुणी म्हणे, पाहुणे गेले की आणतो. कुणी तर बंदुकीऐवजी नुसता मोबाईल पुढं करी. पलीकडून कुणीतरी मोठा माणूस बोलत असे.

मावशी मात्र निरोप निघायच्या आधीच बाकड्यावर येऊन बसलेली असे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती सुनेची तक्रार घेऊन आलेली सासू वाटली. साठीची, ठेंगणी, अंगावर नऊवारी लुगडं, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. मांडीवर गोधडीची लांबट गुंडाळी, लेकरू घेऊन बसावं तशी.

मी विचारलं, "बोला मावशी, काय तक्रार हाय?"

"तक्रार कशाची? बंदूक आणली." तिनं टेबलावर गोधडी उलगडली. आत बारा बोअरची दुनळी बंदूक. नळी वेगळी, दस्ता वेगळा, दोन्हींना तेलाचा हात फिरवलेला.

"अजून आदेश आला न्हाई ठाण्याला."

"काल टीव्हीवर सांगितलं ना? कागद येईल मागून. मी आधी आले तर कायदा मोडते का? न्हाई ना? मग लिहा, जमादार."

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. नळीवरचा नंबर, परवान्याचा नंबर, काडतुसं किती, त्यातली वापरलेली किती. दस्त्याजवळ बारीक ओरखडा होता, तोही तिनं लिहायला लावला. "उद्या तुमी म्हणाल हा आधीचा, मी म्हणीन नंतरचा. मधात बंदुकीची इज्जत जाती." पावती हातात घेऊन तिनं ओठ हलवत सगळी वाचली, घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. त्याच पिशवीत तिचं परवान्याचं पुस्तक असे आणि शाळेतल्या गुरुजींकडून मराठीत उतरवून घेतलेल्या परवान्याच्या अटी. त्या अटी तिला हरिपाठासारख्या पाठ होत्या.

"बंदूक माही न्हाई," ती नेहमी म्हणायची, "सरकारनं माह्याजवळ ठेवायला दिली हाय. दुसऱ्याची वस्तू सांभाळताना माणूस जपतो, तसं जपायचं."

तिचं गाव विदर्भाच्या शिवेजवळ. वरच्या अंगाला जंगलखात्याची टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याला तिचं रान. सोयाबीन, तूर, हरभरा. टेकडीवरून रोही, म्हणजे नीलगाई, उतरत, रानडुकरं उतरत, आणि एका फेरीत महिन्याची मेहनत तुडवून जात. म्हणून तिच्या वडलांनी पीक संरक्षणाचा परवाना काढला होता. मावशीचा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षीच वारला, ती माहेरी आली आणि बापाच्या बरोबरीनं रान राखू लागली. बापानं तिला बंदूक धरायला शिकवलं, त्याच्याही आधी बंदूक ठेवायला शिकवलं.

बाप गेल्यावर परवाना कुणाच्या नावानं व्हावा असा प्रश्न आला. धाकट्या भावाला बंदूक हवी होती, पण रानात राहायला नको होतं. मावशीनं वारस म्हणून अर्ज टाकला, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र आणलं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "बाई, बंदूक चालवता येते का तुम्हाला?"

तिनं सांगितलं, "चालवता येती. पण ठेवता त्याच्यापेक्षा चांगली येती. तेवढं लिहा."

त्यानं म्हणे तेवढंच लिहिलं आणि परवाना तिच्या नावानं झाला.

तिनं आयुष्यात एकही जनावर मारलं नाही. हवेत एक बार काढायची, रोही टेकडीकडं पळायचे, संपलं. गावातल्या कुणी एकदा डुक्कर पाडायला बंदूक मागितली, तर तिनं त्याला अर्धा तास ओट्यावर बसवून समजावलं होतं, की डुकरासाठी जंगलखात्याचा वेगळा कागद लागतो, तो कागद कुणाला मिळतो, आणि माही बंदूक तुह्या हातात दिली तर आपण दोघं कोणत्या कलमात जातो. तो माणूस पुन्हा त्या गल्लीनं गेला नाही म्हणतात.

एसटीत तिचं आणि कंडक्टरचं झालेलं भांडण तर तालुक्यात प्रसिद्ध होतं. कंडक्टर म्हणाला, बंदूक घेऊन बसू देणार नाही. मावशीनं आधी परवाना दाखवला आणि मग गोधडी उघडली. "ही नळी, हा दस्ता, काडतुसं पिशवीत. आता ह्याच्यानं मी काय करीन? पाठीत घातली तर लागंल, पण तशी तर काठीबी लागती. गाडीत काठ्या किती हायेत, मोज." गाडी हसली. कंडक्टरनं तिला ड्रायव्हरच्या मागची जागा दिली.

बंदूक मालखान्यात असेपर्यंत ती दर बाजारच्या दिवशी ठाण्यात यायची. हातात तेलाची छोटी बाटली आणि जुन्या धोतराचं फडकं. मी म्हणायचो, मालखान्यात बाहेरच्या माणसाला जाता येत नाही.

"मी कुठं आत येऊन राहिले? तुमी काढा, माह्यासमोर पुसा, परत ठेवा. उंबरा वलांडत न्हाई मी."

आणि मी पुसायचो. पहिल्या वर्षी चिडून, दुसऱ्या वर्षी सवयीनं. पुढं पुढं बाजारचा दिवस आला की मीच फडकं शोधू लागलो. तिच्या नादानं मी मालखान्यातल्या सगळ्याच बंदुका भिंतीच्या ओलीपासून दूर, फळीवर ठेवल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला, 'शस्त्रांची निगा उत्तम.' मी तो शेरा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बराबर लिहिलं."

तिची तूर ऐन फुलोऱ्यात असताना एकदा निवडणूक आली. बंदूक आमच्याकडं आणि रोही तिच्या रानात. दर बाजारला मी विचारी, "किती खाल्लं?" ती बोटानं धुऱ्यापासूनचं, म्हणजे बांधापासूनचं, अंतर दाखवी. मला वाईट वाटे. एकदा मी सुचवलं, "मावशी, ज्याला खरी गरज हाय त्याला सूट मिळते. जिल्ह्याच्या छाननी समितीकडं अर्ज करा, मी लिहून देतो."

तिनं अर्ज केला, पण त्याचा निकाल लागेपर्यंत मतदान उरकलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "रोह्याला आचारसंहिता सांगायला कुणी गेलं न्हाई, एवढंच." पुढच्या वेळेला तिनं अर्ज आधीच तयार ठेवला होता.

कायद्याची तिला भीती कधी वाटलीच नाही. "कायदा वाचला न्हाई त्यालाच पोलीस मोठा दिसतो," असं ती माझ्या तोंडावर म्हणायची. सगळ्या परवान्यांची नोंद कॉम्प्युटरवर करून नवा नंबर घ्यायचा हुकूम निघाला, तेव्हा जुने परवानाधारक बरेच गोंधळले. तिच्या शेजारच्या गावात एक म्हातारे चाचा होते. त्यांच्याकडं आजोबापासूनची ठासणीची बंदूक. मुदत गेली, नोंद करायची राहून गेली. कुणीतरी त्यांना सांगितलं, आता तुमची बंदूक बेकायदा झाली, धरून नेतील. चाचा इतके घाबरले की बंदूक विहिरीत टाकायला निघाले.

मावशीनं त्यांना वाटेत गाठलं. "विहिरीत टाकली तर मग खरंच गुन्हा होईल, चाचा. इचारतील, बंदूक कुठाय? काय सांगाल, पाणी प्यायला गेली?"

"लेकिन बेटी, तारीख निकल गयी," चाचा रडकुंडीला आले होते.

"निकल गयी तो निकल गयी. उशीर झाला असं लिहून द्यायचं. उशीर म्हंजे चोरी न्हाई."

तिनं त्यांना आधी आमच्या ठाण्यात आणलं, बंदूक जमा करून पावती घ्यायला लावली, आणि मग हिंगोलीला जिल्ह्याच्या कचेरीत घेऊन गेली. तीन फेऱ्या झाल्या. चाचांचं प्रकरण मार्गी लागलं. त्या दिवशी चाचांनी ठाण्यातल्या सगळ्यांना चहा पाजला आणि मावशीला हात जोडले. ती म्हणाली, "हात काहून जोडता? वाचायला शिका आता तरी." चाचा तेव्हा सत्तरीच्या पुढं होते.

आता तिच्या भाच्याच्या लग्नाचं सांगतो.

भाचा म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा. त्याची आई आजारी असायची, म्हणून पोरगं आत्याच्याच चुलीपाशी वाढलं. मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. पिशवीतल्या परवान्याच्या पुस्तकात त्याचा शाळेतला फोटो ठेवलेला मी पाहिला होता.

लग्न ठरलं आणि भाऊ तिच्याकडं आला. "आक्का, परण्येत बार काढायचे. मानाचं काम हाय. तुही बंदूक लागंल." नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्या मिरवणुकीला आमच्याकडं परण्या म्हणतात. अलीकडं काही घरांत त्या मिरवणुकीत हवेत बार काढायची फुशारकी आली होती.

मावशीनं नाही म्हटलं. भाऊ चिडला, भाचाही येऊन गेला. तिनं दोघांना तेच सांगितलं : परवाना पिकासाठी हाय, लग्नासाठी न्हाई; आणि आता मिरवणुकीत बार काढणं हा वेगळा गुन्हाच केलाय सरकारनं.

लग्नाच्या आठ दिवस आधी ती गोधडी घेऊन ठाण्यात हजर. निवडणूक नव्हती, काही नव्हतं. तिनं अर्ज पुढं केला : 'घरात लग्न असल्याकारणानं माझी बंदूक जमा करून घ्यावी.'

मी हसलो. "मावशी, लग्नासाठी बंदूक जमा करत न्हाईत."

"निवडणुकीत काहून करता?"

"लोकांची डोकी बिघडतात म्हणून."

"मग लग्नात त्याच्याहून जास्त बिघडतात. घ्या."

मी साहेबांना विचारलं. साहेबांनी अर्ज वाचला, क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "घ्या जमा करून. अशी माणसं रोज येत नाहीत."

लग्नाच्या दिवशी परण्या निघाली. भाच्याच्या एका मित्रानं आपल्या बापाची बंदूक गाडीतून आणली होती. मारुतीच्या पाराजवळ ती नवरदेवाच्या हातात दिली गेली. पहिला बार वर गेला. घोडी बिथरली, मागच्या पायांवर उठली आणि दुसरा बार आडवा सुटला. पुढं ढोल वाजवणारा माणूस खाली बसला. ढोलाचं कातडं फाटलं होतं आणि त्याच्या हातातून, खांद्यातून रक्त येत होतं.

त्याला जीपमध्ये घालून मावशीनंच दवाखान्यात नेलं. तो वाचला. दोन छर्रे मात्र हातात राहिले, डॉक्टरांनी ते काढणं धोक्याचं ठरवलं.

आम्ही गावात गेलो तेव्हा लग्न कसंबसं लागून गेलं होतं, मांडवात जेवणाच्या पंगती तशाच पडल्या होत्या. सगळं गाव परण्येत होतं, पण बार कुणी काढला हे कुणालाच दिसलं नव्हतं. कुणी म्हणे अनोळखी पोरगं होतं, कुणी म्हणे माही पाठ होती. बंदूक कुठं गेली तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ठाण्यात आली. तिच्या लुगड्यावर अजून रक्ताचे डाग होते. भाऊ तिच्या मागं मागं आला होता. दारातच तो तिच्या पाया पडला. "आक्का, अनोळखी होता एवढंच म्हण. माह्या पोराची जिंदगी हाय. सून कालच घरात आली."

तिनं पाय सोडवून घेतले. आत येऊन माझ्यासमोर बसली. साहेब कोर्टाच्या कामाला गेले होते, जबाब मलाच लिहायचा होता. मी कागद ओढला खरा, पण लेखणी चालेना. तिच्या पिशवीतला तो फोटो मला आठवत होता. मी हळूच म्हणालो, "मावशी, गडबड करू नका. घरी जा, विचार करून या. एवढ्या धामधुमीत माणसाला नीट दिसत न्हाई. कुणीबी समजून घेईल."

मी काय सुचवतोय ते तिला कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला आजही सोसत नाही.

"जमादार, मला रानात रोही दिसतो, धुऱ्यापासून. माह्या हातावर वाढलेलं पोरगं दिसणार न्हाई व्हय?" तिनं माझ्यासमोरच्या कागदावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "लिहा. दोन बार झाले. पहिला वर, दुसरा आडवा. बंदूक बारा बोअर. काढणारा माहा भाचा. मारायचं त्याच्या मनात नव्हतं, घोडी उठली. हे बी लिहा. पण काढला त्यानंच."

मी लिहिलं. शब्द न शब्द लिहिला. तिनं नेहमीसारखा ओठ हलवत वाचला आणि सही केली. बाहेर भाऊ भिंतीला टेकून रडत होता. ती त्याच्या बाजूनं निघून गेली.

भाच्याला अटक झाली. तो कोठडीत असेपर्यंत मावशी रोज दोन डबे करून आणी. एक दवाखान्यात ढोलवाल्याला, एक ठाण्यात भाच्याला. भाच्यानं पहिल्या दिवशी डब्याला हात लावला नाही. ती गजाच्या बाहेर खाली बसून राहिली. "खाऊन घे. माह्यावर राग हाय तर राग ठेव. पण त्या माणसाचा हात पाहून ये सुटल्यावर, मग राग ठेव." त्यानं तोंड फिरवलं. डबा मात्र तिसऱ्या दिवशी रिकामा परत आला.

प्रकरण कोर्टात गेलं. भाच्यानं अखेर गुन्हा कबूल केला आणि कोर्टानं त्याला दंड करून सोडलं. मित्राच्या बापाचा परवाना रद्द झाला. तो बिचारा म्हणत राहिला की बंदूक कपाटात होती, किल्ली कुणी घेतली ठाऊक नाही. मावशी म्हणाली, "किल्ली ठाऊक नसंल तर परवाना काहून घेतला?"

भावानं तिच्याशी बोलणं सोडलं. भाच्याच्या लेकराच्या बारशाला तिला बोलावलं नाही. गावातल्या बाया म्हणत, लेकरू असतं तर कळलं असतं. ती हे मला सांगायची, पण कण्हून नाही. "म्हणू द्या. ढोलवाल्याच्या घरच्या बाईला इचारा म्हणा, तिला काय कळलं ते." बाजारच्या दिवशी ती त्या माणसाच्या घरीही जाऊन येई. त्याला आता ढोल उचलत नव्हता. तो बँडमध्ये झांज वाजवू लागला होता.

पुढच्या निवडणुकीत पुन्हा बंदूक आमच्याकडं आली आणि या वेळेला तिचा सूट मागणारा अर्ज नामंजूर झाला. एका बाजारला ती आली तेव्हा चेहऱ्यावर काही वेगळंच होतं. बंदूक पुसून झाली तरी उठेना.

"काल दिवस मावळायला रोही उतरले," ती म्हणाली. "मी पत्र्याचा डबा घेऊन धावले, पण आता पाय चालत न्हाईत पहिल्यासारखे. तर पलीकडच्या धुऱ्यावरून कुणीतरी डबा वाजवून राहिलं. पाहते तर तो."

"भाचा?"

"व्हय. बोलला न्हाई. रोही टेकडीवर जाईस्तोवर वाजवलं आणि गेला. आज सकाळी धुऱ्यावर पुन्हा उभा होता." तिनं पदरानं डोळे पुसले. "ढोलवाल्याकडं जाऊन आला म्हणे. मला त्याच्या बाईनं सांगितलं."

ती त्या दिवशी बंदुकीला तेल लावायचं विसरली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

माझी बदली व्हायच्या थोडं आधी ती शेवटची ठाण्यात आली. या वेळेला भाचा सोबत होता, मोटरसायकलवरून घेऊन आला होता. निवडणूक नव्हती, लग्न नव्हतं. तिनं परवान्याचं पुस्तक आणि बंदूक दोन्ही टेबलावर ठेवली.

"कायमची जमा करून घ्या. अर्ज लिहून आणलाय."

परवान्याची मुदत अजून बाकी होती. मी विचारलं, "कुणी काही म्हणलं का?"

"कोण म्हणणार? मागच्या हप्त्यात बार काढायला उभी राहिले. झाडाखाली काहीतरी हललं. मला वाटलं डुक्कर. नीट पाहिलं तर शेजारची बाई गवत कापून राहिली होती. बार वरच काढणार होते मी, पण मला दिसलं न्हाई हे खरं." ती सरळ बसली. "ज्याला दिसत न्हाई त्यानं बंदूक ठेवू नये. अटीत लिहिलं न्हाई तसं, पण लिहायला पाहिजे होतं."

"आणि रान?"

"तारेचं कुंपण केलं ह्यानं. बरं केलंय." भाचा मागं मान खाली घालून उभा होता, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

मी पावती केली. तिनं ती डोळ्यांजवळ धरून, मग लांब धरून पाहिली, पण वाचता येईना. तिनं ती भाच्याकडं दिली. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवली. ती प्रत्येक आकड्याला मान हलवत गेली. मग म्हणाली, "बराबर हाय." ती उठली, मला म्हणाली, "येते जमादार. फळीवरच ठेवा," आणि बाहेर पडली.

मी तिला पोचवायला दारापर्यंत गेलो. भाच्यानं मोटरसायकल सुरू केली. मावशी लुगडं सावरून मागं बसली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग काहीतरी आठवल्यासारखं तिनं विचारलं, "गाडीचं लायसन हाय ना जवळ?"

भाच्यानं शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही खिसे चाचपले. "घरी राहिलं वाटतं, आत्या."

मावशी खाली उतरली. पदर खोचला आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागली. भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पोलीस, मी काय बोलणार? त्यानं इंजिन बंद केलं, हँडल धरलं आणि गाडी ढकलत ढकलत तिच्या बाजूनं चालायला लागला.